देवाची बाजू मांडताना कोणता पुरावा हाती घ्यावा?

प्रश्न : मी मिरजेत राहते आणि सांगलीच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करते. आमचे घराणे पणजोबांपासून ख्रिस्ती आहे. माझा एक वर्गमित्र मूळचा साताऱ्याचा असून त्याच्या घरी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीचे वातावरण आहे. गेले काही महिने आमचे वाद चालू आहेत. विश्वाला सुरुवात आहे म्हणून त्याला कर्ता आहे, असे मी म्हटले, तेव्हा तो म्हणाला, "असेल कर्ता; पण तो येशूचा पिता कशावरून?" शुभवर्तमाने, म्हणजे बायबलमधली येशूची चरित्रे, घटनेनंतर चाळीस वर्षांनी लिहिली गेली, मग त्यांना इतिहास कसे म्हणायचे, असेही तो विचारतो. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुणांच्या गटावर आलेले, येशूचे मानल्या जाणाऱ्या तुरीनच्या कफनाचे आणि बायबलच्या जलप्रलयातल्या नोहाच्या तारवाचे (जहाजाचे) 'पुरावे' मी त्याला पाठवले, ते त्याने पाच मिनिटांत खोडून काढले आणि मला फार ओशाळल्यासारखे झाले. २०१९ च्या महापुरात त्याच्या मावशीचे घर गेले. तेव्हा तुझा देव कोठे होता, या त्याच्या प्रश्नावर मी काहीतरी उत्तर दिले आणि तेव्हापासून तो माझ्याशी नीट बोलत नाही. वडील म्हणतात, श्रद्धेला पुरावा लागत नाही, तू या फंदात पडू नकोस. पण तरुण संघाने ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात 'आपला विश्वास खरा कशावरून?' या विषयावर मला अर्धा तास बोलायला सांगितले आहे. मी बोलू का? आणि बोलले तर काय बोलू?
— एक वाचक, मिरज

उत्तर : प्रिय भगिनी, तुरीनच्या कफनाचा विषय आधी संपवून टाकू, कारण त्यात फार बोलण्यासारखे काही नाही. १९८८ साली ऑक्सफर्ड, झुरिक आणि ॲरिझोना येथील तीन प्रयोगशाळांनी त्या कापडाच्या तुकड्यांची कार्बन-कालगणना केली आणि ते कापड इ.स. १२६० ते १३९० या काळातले असल्याचा निष्कर्ष पुढच्या वर्षी प्रसिद्ध केला. नमुना मागाहून दुरुस्त केलेल्या कोपऱ्यातून घेतला गेला, असे म्हणणारे लोक आहेत. त्यांचे म्हणणे त्यांनी जरूर मांडावे. परंतु ज्या वस्तूचे झालेले मोजमाप आपल्या विरुद्ध आहे, ती वस्तू 'विज्ञानाने सिद्ध केले' अशा मथळ्याखाली दुसऱ्याला पाठवणे योग्य नव्हे. नोहाचे तारू दर काही वर्षांनी कोणा ना कोणाला 'सापडते' आणि पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी त्यातला एकही शोध मान्य केलेला नाही. सांगलीच्या बाजार समितीत हळदीचा सौदा तुम्ही पाहिला असेल, तर पोत्यातून काढलेल्या मुठीत एखादे किडके हळकुंड निघाले की व्यापारी साऱ्या ढिगाचा भाव कसा पाडतो हे तुम्हांला ठाऊक असेल. तुमच्या मित्राने तेच केले, आणि त्यात त्याचे काही चुकले नाही.

या विषयावर मला जे काही सांगायचे आहे ते बहुतांशी यातच येते. पुरावा जेवढा भार पेलतो तेवढाच दावा त्याच्यावर ठेवावा, त्याहून रतीभरही अधिक नाही. आणि ही शिस्त श्रद्धेच्या बाहेरून लादलेली नसून खुद्द बायबलमधली आहे. ईयोबाचे पुस्तक शेवटपर्यंत वाचा. निर्दोष असून दुःखात सापडलेल्या ईयोबाचे तीन मित्र सारा वेळ देवाची बाजू घेऊन बोलतात, देव न्यायी आहे हे पटवण्यासाठी ईयोबाने न केलेली पापे त्याच्या माथी मारतात, आणि अखेरीस देव रागावतो तो त्या वकिलांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे. तेराव्या अध्यायात ईयोब त्यांना विचारतो की, देवाच्या वतीने तुम्ही खोटे बोलणार आहात काय. ख्रिस्ती विश्वासाचे समर्थन करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा, असे मी एक ख्रिस्ती माणूस म्हणून आणि तर्कशास्त्र शिकवलेला माणूस म्हणूनही म्हणतो.

आता तुमच्या वडिलांचे म्हणणे. त्यात अर्धे सत्य आहे आणि ते आदराने मान्य करायला हवे. आपल्या मंडळ्यांमध्ये ज्या आजीबाईंनी येशूचा उल्लेख करणाऱ्या टॅसिटस या रोमन इतिहासकाराचे नाव कधी ऐकले नाही त्यांचा विश्वास तुमच्यामाझ्यापेक्षा कमी प्रतीचा आहे, असे कोणी म्हणू नये. आपल्या न्यायदर्शनाने, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्राने, प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीला शब्द, म्हणजे विश्वासार्ह माणसाचे सांगणे, हेही ज्ञानाचे स्वतंत्र साधन मानले आहे. माणसाचे बहुतेक ज्ञान याच वाटेने येते आणि त्यात कमीपणा नाही. पण सांगणारा विश्वासार्ह आहे का, असा प्रश्न कोणी केला, तर तो तपासावा लागतो, आणि तेथे वडिलांचे वाक्य पुरे पडत नाही. लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्या चार ओव्यांतच आपण सर्व गोष्टींचा मुळापासून शोध केला असल्याचे सांगितले आहे. शिष्य थोमाने उठलेल्या येशूच्या जखमांच्या खुणा पाहायला मागितल्या तेव्हा प्रभूने न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना धन्य म्हटले हे खरे, पण त्याआधी हात पुढे केला हेही खरे. प्रेषित पौल तर करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात स्वच्छ सांगतो की ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. जो माणूस आपला सारा धर्म एका घटनेच्या खरेपणावर पणाला लावतो, तो पुराव्याचा प्रश्न टाळू शकत नाही. तेव्हा वडिलांशी वाद घालू नका. लूकच्या त्या चार ओव्या त्यांच्याबरोबर बसून वाचा.

तुमच्या मित्राचा पहिला आक्षेप, की कर्ता असला तरी तो येशूचा पिता कशावरून, हा अगदी रास्त आहे आणि तो जुनाही आहे. न्यायदर्शनाच्या उदयनाचार्यांनी दहाव्या शतकाच्या सुमारास न्यायकुसुमांजलीत ईश्वराच्या सिद्धीसाठी जे हेतू दिले, त्यांतला प्रमुख हा की जग हे कार्य, म्हणजे घडवलेली वस्तू, आहे, घडा जसा कार्य आहे तसे, म्हणून त्याला कर्ता असला पाहिजे. पुढे रामानुजाचार्यांनी, जे स्वतः परम ईश्वरभक्त होते, श्रीभाष्यात हा मार्ग नाकारला: घड्यावरून फार तर कुंभार सिद्ध होईल, तोही देहधारी; एकच, सर्वज्ञ आणि देहरहित असा कर्ता अनुमानाने निघत नाही, तो वेदशास्त्रानेच कळतो. म्हणजे तुमचा मित्र जे बोलला ते एका भक्ताने नऊशे वर्षांपूर्वी बोलून ठेवले आहे, आणि त्यामुळे त्याची भक्ती कमी झाली नाही. पश्चिमेकडेही तसेच झाले. विश्वाला सुरुवात आहे म्हणून त्याला कारण आहे, हा युक्तिवाद इ.स. ११११ मध्ये निवर्तलेल्या इस्लामी विचारवंत इमाम गझालींनी नेमकेपणाने मांडला आणि आज तो ख्रिस्ती व्याख्यात्यांच्या तोंडी फार असतो. परंतु तेराव्या शतकातले संत थॉमस अक्विनस यांचे मत असे होते की जगाला सुरुवात होती हे आपण विश्वासाने धरतो, ते बुद्धीने सिद्ध करता येत नाही. आणि सिद्ध करण्याच्या हौसेने लंगडी कारणे पुढे केली तर अविश्वासणारे हसतील आणि आपण याच कारणांवर विसंबून विश्वास ठेवतो असे समजतील, असा इशाराही त्यांनी दिला आहे. तुमच्या गटावर येणारे संदेश पाहिले असते तर त्यांनी यापेक्षा वेगळे काही म्हटले नसते.

तुम्ही पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थिनी आहात म्हणून जॉर्ज लमेत्र यांचा दाखला मुद्दाम देतो. विश्व प्रसरण पावत आहे हे समीकरणांतून १९२७ साली मांडणारे आणि १९३१ साली त्याच्या आरंभीच्या 'आदिम अणू'ची कल्पना पुढे आणणारे हे बेल्जियन शास्त्रज्ञ कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ च्या नोव्हेंबरात पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या नव्या विश्वशास्त्राकडे निर्मितीच्या सिद्धान्ताला मिळालेला दुजोरा म्हणून बोट दाखवले, तेव्हा नाराज झालेल्यांत स्वतः लमेत्र होते. आपला सिद्धान्त अध्यात्माच्या आणि धर्माच्या प्रश्नाबाहेर राहतो, अशी त्यांची भूमिका होती. महास्फोटाचा सिद्धान्त अतितप्त आणि अतिघन अवस्थेपर्यंत मागे जातो. त्याच्याही मागे काय, हे पुंज-गुरुत्वाचा (क्वांटम ग्रॅव्हिटीचा) सिद्धान्त हाती नसताना कोणी ठामपणे सांगू शकत नाही, हे तुम्हांला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. जे तुम्ही परीक्षेच्या पेपरात लिहिणार नाही ते देवाच्या बाजूने बोलतानाही सांगू नका.

मग तत्त्वज्ञानातले युक्तिवाद टाकून द्यायचे का? नाही. मला स्वतःला सुरुवातीच्या युक्तिवादापेक्षा दुसरा अधिक भक्कम वाटतो. काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे, असा प्रश्न जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिट्झने १७१४ साली विचारला. विश्व अनादि असले तरी हा प्रश्न उरतो, कारण तो पहिल्या क्षणाचा नाही, तर जी गोष्ट नसूही शकली असती ती असण्याच्या आधाराचा आहे. १९४८ साली बीबीसीवर झालेल्या प्रसिद्ध चर्चेत नास्तिक तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी यावर उत्तर दिले की विश्व आहे, बस्स, त्यापलीकडे विचारण्यासारखे काही नाही. हे उत्तर देण्याचा अधिकार त्यांना आहे, पण ते उत्तर म्हणजे पुरावा नव्हे. तीही एक निवड आहे, आणि ही निवड करणारा माणूस दुसऱ्याला 'तू पुराव्याविना मानतोस' असे म्हणू शकत नाही. एवढेच हा युक्तिवाद मिळवून देतो: देव मानणे हे बुद्धीला सोडून नाही. तो त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा असा एकच देव) सिद्ध करत नाही, कालवरी (येशूच्या वधस्तंभाची टेकडी) सिद्ध करत नाही, उपासनेला जाण्याची सक्ती करत नाही. विश्वातल्या स्थिरांकांच्या अचूक जुळणीचा आणि नैतिकतेच्या आधाराचा युक्तिवादही याच पंगतीतले आहेत. त्यांच्यावर उत्तम आक्षेप आहेत आणि त्या आक्षेपांना उत्तम उत्तरेही आहेत. अर्ध्या तासाच्या भाषणात त्यांना हात लावू नका.

खरे क्षेत्र इतिहासाचे आहे, आणि तेथे तुमच्या मित्राची जमीन तुमच्या जमिनीपेक्षा वेगळी नाही. तो साताऱ्याचा असल्यामुळे त्याला प्रतापगडापासून सुरुवात करायला सांगा. अफजलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ रोजी झाला. त्याचे सविस्तर वर्णन ज्या सभासदाच्या बखरीत येते ती १६९७ च्या सुमारास लिहिली गेली, म्हणजे सुमारे अडतीस वर्षांनी. येशूला वधस्तंभावर दिले ते इ.स. ३० किंवा ३३ मध्ये आणि मार्कचे शुभवर्तमान बहुतेक अभ्यासक इ.स. ७० च्या आसपासचे मानतात; अंतर जवळपास तेवढेच. अडतीस वर्षांचे अंतर आहे म्हणून सभासद टाकून द्यावा, असे कोणताही इतिहासकार म्हणत नाही. त्याला समकालीन पत्रांशी ताडून पाहावे, असे म्हणतो. नव्या करारातही, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागातही, समकालीन पत्रांसारखा एक थर आहे, तो पौलाच्या पत्रांचा. करिंथकरांस पहिले पत्र इ.स. ५३ ते ५५ च्या सुमाराचे आहे, म्हणजे शुभवर्तमानांच्या आधीचे. त्यात पौल सांगतो की ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला आणि केफाला (पेत्राला), मग बारा शिष्यांना, मग पाचशेहून अधिक बंधूंना, याकोबाला दिसला. आणि हे आपल्याला आधीच्यांकडून मिळाले असून आपण ते पुढे देत आहोत, असेही सांगतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो केफाकडे यरुशलेमात पंधरा दिवस राहिल्याचे आणि प्रभूचा भाऊ याकोब याला भेटल्याचे लिहितो. म्हणजे ही साक्ष चाळीस वर्षांनी उगवलेली दंतकथा नाही. ती घटनेनंतर थोड्याच वर्षांत ठरलेल्या शब्दांत सांगितली जात होती. हे मान्य करणाऱ्यांमध्ये स्वतः देव न मानणारे विद्वानही आहेत.

बाहेरचे दाखलेही आहेत. रोमन इतिहासकार टॅसिटस सुमारे इ.स. ११६ मध्ये लिहितो की सम्राट तीबिर्याच्या कारकिर्दीत सुभेदार पंतय पिलाताने ख्रिस्ताला देहान्त दिला; त्याला ख्रिस्ती लोकांचा तिटकारा होता, तेव्हा तो त्यांची भलामण करत नव्हता. यहुदी इतिहासकार जोसेफस याच्या इ.स. ९३ च्या सुमाराच्या ग्रंथात येशूविषयी दोन उल्लेख आहेत. त्यांतल्या मोठ्या उताऱ्यात मागाहून ख्रिस्ती नकलकारांनी भर घातली आहे हे जवळजवळ सर्वमान्य आहे, म्हणून तो पुढे करताना हे आधीच सांगा. 'ख्रिस्त म्हटलेल्या येशूचा भाऊ याकोब' याच्या वधाचा धाकटा उल्लेख मात्र बहुतेकांनी अस्सल मानला आहे. १९६१ साली कैसरिया येथे पिलाताच्या नावाचा शिलालेख सापडला. त्याने पिलात होता हे सिद्ध केले. पुनरुत्थान सिद्ध केले नाही. हा फरक आपल्या व्याख्यानांमधून हटकून गाळला जातो. थोमाच्या कथेतल्या गोंडोफर्नीस राजाची नाणी सापडली म्हणजे थोमाचा साराच भारतप्रवास सिद्ध झाला असे सांगणारेही असेच घाई करतात. नाण्याने राजा सिद्ध होतो, कथा नव्हे.

येथे तुमचा मित्र एक तीक्ष्ण प्रश्न विचारील, आणि त्याने विचारण्याआधी तुम्ही तो स्वतः मांडावा. सभासदाच्या बखरीत तुळजापूरच्या भवानीने महाराजांना दर्शन दिल्याचेही आहे. वध इतिहास म्हणून घ्यायचा आणि दर्शनाकडे भक्तीचा भाग म्हणून पाहायचे, असे जर अभ्यासक करतात, तर शुभवर्तमानांतही वधस्तंभ घ्यायचा आणि पुनरुत्थान सोडायचे, असे का करू नये? स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ साली याच आक्षेपाला धार दिली: साक्ष खोटी निघणे हे चमत्कार घडण्यापेक्षा अधिक अशक्य वाटेल, तेव्हाच चमत्काराची साक्ष स्वीकारावी. याला झटपट उत्तर नाही. प्रामाणिक उत्तर असे की चमत्कार किती अशक्य आहे हे ठरवताना देव आहे की नाही याविषयीचे आपले मत आधीच कामाला लागलेले असते. देव नाहीच असे धरले तर कोणतीही साक्ष पुरणार नाही. देव असू शकतो असे मानले, तर या एका ठिकाणच्या साक्षीकडे नीट पाहण्याचे कारण उरते. वरचे तत्त्वज्ञानातले युक्तिवाद उपयोगी पडतात ते येथे, आणि एवढ्यापुरतेच. मग पाहायचे ते हे: वधस्तंभावर मेलेल्या मसीहाची (देवाने पाठवायच्या तारणाऱ्याची) अपेक्षा त्या शिष्यांना नव्हती, आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा पौल आणि येशूच्या हयातीत त्याच्यावर विश्वास न ठेवणारा त्याचा भाऊ याकोब हे दोघे बदलले, आणि स्त्रियांच्या साक्षीला फारशी किंमत नसलेल्या समाजात शुभवर्तमानांनी रिकाम्या कबरेच्या पहिल्या साक्षीदार म्हणून स्त्रियाच सांगितल्या, ज्या कोणी रचून सांगितल्या नसत्या. दुसऱ्या बाजूने, शोकाने व्याकूळ माणसांना मेलेले आप्त दिसल्याचे अनुभव सर्वत्र आढळतात, पौलाच्या यादीत त्या स्त्रियांचा उल्लेख नाही, आणि रिकाम्या कबरेविषयी अभ्यासकांत एकमत नाही. हे सारे टेबलावर ठेवून मी असे म्हणतो की पुनरुत्थान ही या साक्षीची सर्वांत समर्पक उपपत्ती आहे. ते भूमितीच्या प्रमेयासारखे सिद्ध झाले आहे असे मी म्हणत नाही. हीच समान मोजपट्टी भवानीच्या दर्शनाला, इतर धर्मांतल्या साक्षींनाही लावण्याची तयारी ठेवा. आपल्यापुरती ढिली मोजपट्टी वापरणाऱ्याचे कोणी ऐकत नाही आणि ऐकूही नये.

प्रेषित त्यासाठी मेले, खोट्यासाठी कोण मरतो, हा दाखला आपल्याकडे फार वापरला जातो. जपून वापरा. पेत्र, पौल, जब्दीचा मुलगा याकोब आणि प्रभूचा भाऊ याकोब यांच्या हौतात्म्याला जुना आधार आहे. बाकीच्यांच्या कथा पुष्कळ उशिराच्या आहेत. शिवाय मरणाने मनाचा खरेपणा सिद्ध होतो, मताचा नव्हे. तसेच मिरजेचे मिशन इस्पितळ. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली ते सुरू केले आणि त्याने या भागाची जी सेवा केली तिचा अभिमान तुमच्या घरालाही असेल, पण रुग्णसेवेने कबर रिकामी होती हे ठरत नाही. विश्वासाने माणसे काय करतात हे त्यातून कळते, आणि तेही थोडे नाही.

प्रयोगशाळेत पुन्हा करून दाखवा, ही मित्राची मागणी असेल तर तिच्या मागचा इतिहास समजून घ्या. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी लोकांना लुबाडणाऱ्या बुवाबाजीविरुद्ध ही मागणी उभी केली आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. हुकमी चमत्कार करतो असे सांगणाऱ्याला ते करून दाखवायला सांगणे हे पूर्णपणे न्याय्य आहे, आणि आपल्याच मंडपात 'चंगाई'च्या (प्रार्थनेने रोगमुक्तीच्या) नावाखाली मधुमेहाच्या गोळ्या बंद करायला लावणाऱ्यांनाही ते तितकेच लागू आहे. याबाबतीत तुम्ही मित्राच्या बाजूला उभे राहा. एकदाच घडल्याचा दावा असलेल्या घटनेची तपासणी मात्र साक्ष आणि कागद यांनीच होते, प्रतापगडाची होते तशी. हा भेद त्याला पटेल, कारण तो विचार करणारा दिसतो.

महापुराबद्दल. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेने सांगलीत जे केले आणि ब्रह्मनाळला बोट उलटून जी माणसे गेली, ते या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. तत्त्वज्ञानात या प्रश्नाचे दोन भाग पडतात. चांगला आणि सर्वसमर्थ देव असणे आणि जगात दुःख असणे या दोन गोष्टी तर्कदृष्ट्या एकत्र असूच शकत नाहीत, हा जुना दावा आता फार थोडे तत्त्वज्ञ करतात. माणसाला दिलेल्या, चांगले-वाईट निवडण्याच्या स्वातंत्र्याचा तत्त्वज्ञ आल्विन प्लँटिंगा यांनी १९७४ साली मांडलेला विचार त्याचे मोठे कारण आहे. पण एवढे, इतके निरर्थक वाटणारे दुःख पाहता असा देव असणे संभवनीय वाटत नाही, हा दुसरा दावा उभाच आहे, आणि पुराच्या बाबतीत स्वातंत्र्याचे उत्तर अर्धवटच पडते. पाणी माणसाच्या इच्छेने चढत नाही. ख्रिस्ती माणसाजवळ येथे पुरावा कमी आणि वधस्तंभ अधिक आहे, म्हणजे देव त्या दुःखाच्या बाहेर उभा राहिला नाही असा विश्वास. तो विश्वास आहे, युक्तिवाद नाही, असेच सांगा. आणि ज्याच्या मावशीचे घर गेले त्याला त्या वेळी यांतले काहीच सांगायचे नसते. तुम्ही काय उत्तर दिले ते पत्रात नाही. ते जे काही असेल, त्याबद्दल त्याला भेटून क्षमा मागा, फोनवर लिहून नको, आणि मावशीच्या घराचे पुढे काय झाले ते विचारा. कफन आणि तारवाचे संदेश चुकीचे होते हेही त्याच भेटीत सांगून टाका. पुन्हा वाद सुरू करायचा की नाही हे त्याच्यावर सोपवा. पेत्राच्या पहिल्या पत्रात विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सिद्ध राहा, पण ते सौम्यतेने द्या, असे सांगितले आहे, आणि त्यात विचारणारा आधी आहे.

आपल्या मराठी मंडळीला ही परंपरा नवी नाही. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांनी जॉन म्यूरच्या 'मतपरीक्षा' या ख्रिस्ती बाजू मांडणाऱ्या ग्रंथाला उत्तर म्हणून १८४४-४५ मध्ये संस्कृतात ख्रिस्ती मताचे खंडन लिहिले, वाद करता करता १८४८ साली बाप्तिस्मा घेतला, आणि नेहेमाया गोऱ्हे म्हणून पुढे आयुष्यभर वाद आणि शंका दोन्ही सोबत बाळगल्या. उलट, १९१७ साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू करणारे कवी नारायण वामन टिळक येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने ओढले गेले आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत. पुरावा एकाला लागला, दुसऱ्याला गाथा लागली. वडिलांना हे सांगितलेत तर तुमचे आणि त्यांचे बरेचसे मिटेल.

तेव्हा बोला, अवश्य बोला. अर्धा तास आहे, म्हणून एकच विषय घ्या: करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायाच्या पहिल्या अकरा ओव्या. त्या कधी लिहिल्या गेल्या, पौलाला त्या कोणाकडून मिळाल्या असाव्यात, प्रतापगडाच्या साधनांची तुलना कोठे जुळते आणि कोठे जुळत नाही, ह्यूमचा आक्षेप काय आहे, आणि तरीही तुम्ही काय मानता व किती खात्रीने मानता, एवढे पंधरा मिनिटांत सांगा. मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या बारा ओव्या सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीत, हे तरुणांना तुमच्याकडून कळू द्या. नंतर ते विरोधकाकडून कळले तर त्यांना फसवल्यासारखे वाटेल. उरलेली पंधरा मिनिटे प्रश्नांना द्या आणि ज्याचे उत्तर तयार नसेल त्याला पुढच्या रविवारी उत्तर देते असे सांगून तो वहीत टिपून घ्या. मित्राला बोलवावेसे वाटले तर आधी पाळकसाहेबांची परवानगी घ्या, आणि त्याला निमंत्रण देताना हे स्पष्ट सांगा की सभेच्या शेवटी कोणी त्याला प्रार्थनेसाठी पुढे बोलावणार नाही.